कॉलेज कॉन्फरन्सचा विस्तार: पुढचं आवतण कोणाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाच्या स्टेडियमपासून गाडीने दहा मिनिटांवर राहतो. शनिवारी सामना असला की आमच्या रस्त्यावर लाल टी-शर्टांची वर्दळ असते, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच ते प्रश्न पडत राहतात. "अमकं कॉलेज बिग टेनमध्ये जाणार म्हणे, खरं का?" दरवेळी तुकड्या-तुकड्यांत उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच अमेरिकन फुटबॉल.

कॉन्फरन्स म्हणजे नक्की काय? रणजीच्या गटासारखं असतं का?

दिसायला तसंच, पण रणजीचे गट बीसीसीआय पाडते. इथे गट कॉलेजं स्वतःच आपापसात करार करून बांधतात. एनसीएए ही कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना खेळाचे आणि पात्रतेचे नियम करते, मात्र कोणी कुठल्या गटात जावं यात तिला बोलायला जागा नाही.

मला विचाराल तर रणजीपेक्षा सहकारी साखर कारखाना डोळ्यासमोर आणा. सभासदांनी ऊस घालायचा, कारखान्याने साखर विकायची, आलेला पैसा वाटून घ्यायचा. इथला ऊस म्हणजे शनिवारचे सामने आणि गिऱ्हाईक म्हणजे टीव्ही कंपन्या. आज मोठे कारखाने चार. बिग टेनचे १८ सभासद, एसईसीचे (साऊथईस्टर्न) १६, बिग ट्वेल्व्हचे १६ आणि एसीसीचे (अटलांटिक कोस्ट) १८. एसीसीच्या १८ पैकी फुटबॉलला मात्र १७च, कारण नोटर डेमचं प्रकरण वेगळं आहे. त्यावर पुढे येतोच.

आयव्ही लीगही कॉन्फरन्सच का?

हो! हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनसह ही आठ कॉलेजं १९५४च्या करारानुसार एकत्र खेळतात. 'आयव्ही लीग' हे अधिकृत नाव त्या खेळांच्या गटाचंच, बाकीची प्रतिष्ठा त्याला नंतर चिकटली. खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही हा त्यांचा नियम आजही कायम आहे. त्यांना विस्तार करायचा नाही आणि कोणी अर्जही करत नाही.

पूर्वी शेजारची कॉलेजं आपापसात खेळायची. हे बदललं कधी?

१९८४ साली. तोवर कॉलेज फुटबॉलचे टीव्ही हक्क एनसीएएच्या मुठीत होते. कुठला सामना दाखवायचा, एका संघाला वर्षात किती वेळा पडद्यावर आणायचं, सगळं तीच ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी दावा लावला आणि सुप्रीम कोर्टाने ही मक्तेदारी मोडली. आपल्याकडे उसाची झोनबंदी उठल्यावर काय झालं ते आठवा. ज्याच्याकडे गाड्या आणि रोकडा, त्याने दुसऱ्याच्या हद्दीतला ऊस उचलायला सुरुवात केली. इथेही नेमकं तेच झालं, फक्त जरा सावकाश.

एसईसीने आर्कन्सॉ आणि साऊथ कॅरोलायना घेऊन संख्या बारावर नेली आणि १९९२मध्ये गटाचा स्वतःचा अंतिम सामना सुरू केला. तो सामना म्हणजे विकायला आणखी एक माल. मग सगळ्यांनाच बारा हवे झाले. नेब्रास्का २०११मध्ये बिग टेनमध्ये गेलं, टेक्सस ए अँड एम आणि मिसुरी २०१२मध्ये एसईसीत, मेरीलंड आणि आमचं रटगर्स २०१४मध्ये बिग टेनमध्ये. जुलै २०२१मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीला निघाल्याची बातमी फुटली आणि बांध फुटला तो तिथेच. बिग ट्वेल्व्हमधून वर्षभर आधी सुटण्यासाठी या दोघांनी मिळून १० कोटी डॉलर मोजले.

पॅक-१२ एका दिवसात कशी काय संपली?

पॅक-१२ म्हणजे पश्चिमेकडचा बारा जणांचा गट, तेव्हाचा पाचवा मोठा कारखाना. तो एका दिवसात नाही, तेरा महिन्यांत संपला. पण शेवटचा दिवस जबरदस्त होता.

३० जून २०२२ला लॉस एंजेलिसच्या दोन्ही पेढ्या, म्हणजे यूएससी आणि यूसीएलए, बिग टेनला जाणार असं जाहीर झालं. पॅक-१२चा टीव्ही करार संपत आला होता आणि सर्वांत मोठी बाजारपेठच हातची गेली. उरलेले दहा जण नव्या कराराची वाट बघत बसले. तिकडे बिग ट्वेल्व्हचे नवे कमिशनर ब्रेट यॉर्मार्क यांनी मुदतीआधीच बोलणी करून ऑक्टोबर २०२२मध्ये आपला करार उरकलाही. माझ्या मते सगळा खेळ इथेच फिरला. पॅक-१२ चांगल्या भावासाठी थांबली, बिग ट्वेल्व्हने मिळेल तो भाव घेऊन दुकान वाचवलं.

जुलै २०२३च्या अखेरीस कोलोरॅडो बिग ट्वेल्व्हकडे निघून गेलं. पॅक-१२च्या हातात उरला तो ॲपलच्या स्ट्रीमिंगचा प्रस्ताव, त्यातही पैसा वर्गणीदार किती मिळतील यावर अवलंबून. ४ ऑगस्टला सकाळी उरलेले नऊ जण सह्या करतील अशी आशा होती. त्याऐवजी ओरेगॉन आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेले, आणि रात्रीपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटाही बिग ट्वेल्व्हला. उरले चार. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल एसीसीत गेले. मागे राहिले ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. १९१५पासूनच्या घराण्याच्या चाव्या या दोघांच्या हाती आल्या, आणि त्यासुद्धा कोर्टात भांडून.

यातला एक उपप्रसंग मला फार आवडतो. यूसीएलए आणि कॅल दोन्ही कॅलिफोर्निया विद्यापीठाचेच घटक, म्हणजे सख्खे भाऊ. एक श्रीमंत घरी गेला आणि दुसरा उघड्यावर पडला. मग विद्यापीठाच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने, ठरवलं की यूसीएलएने कॅलला तीन वर्षं दरसाल एक कोटी डॉलर द्यायचे. लोकांनी लगेच त्याला पोटगी म्हणायला सुरुवात केली.

पण पॅक-१२ अजून आहे ना? मग त्यात कोण?

आहे. गटात फुटबॉल खेळणारे किमान आठ सभासद लागतात. कमी पडले तर एनसीएए दोन वर्षांची सवलत देते. त्या दोन वर्षांत ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट या दोघांनी माउंटन वेस्ट या छोट्या गटातून बॉयझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि युटा स्टेट असे पाच जण उचलले. बास्केटबॉलसाठी गोन्झागा घेतलं. गोन्झागाला फुटबॉलचा संघच नाही, त्यामुळे आठवा गडी बाकीच होता. तो मिळाला ३० जून २०२५ला, टेक्सस स्टेट. नवा संसार १ जुलै २०२६पासून. मेम्फिस आणि टुलेन यांनाही विचारलं होतं, पण त्यांनी आहे तिथेच राहणं पसंत केलं.

आवतण नेमकं येतं कसं? पत्र येतं का?

पत्र येतं, पण सगळ्यात शेवटी. आपल्याकडे लग्नाची पत्रिका छापेपर्यंत जसं देणंघेणं, मानपान सगळं ठरलेलं असतं, तसंच. आधी टीव्ही कंपनीकडून अंदाज घेतात की हे स्थळ आलं तर करार किती वाढेल. सध्याच्या सभासदांच्या वाट्याला एक डॉलरही कमी येणार असेल तर बोलणी तिथेच थांबतात. मग मधल्या माणसांमार्फत निरोपानिरोपी. मग कॉलेज 'स्वतःहून' अर्ज करतं. मग कुलपतींचं मतदान, बहुतेक ठिकाणी तीन चतुर्थांश किंवा त्याच्या आसपास बहुमत लागतं. स्टॅनफर्ड, कॅल आणि डॅलसचं एसएमयू यांच्यासाठी एसीसीत १५पैकी १२ मतं हवी होती. फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन आणि नॉर्थ कॅरोलायना विरोधात गेले, आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेटने ऐनवेळी बाजू बदलली म्हणून ठराव तरला.

हा क्रम मोडला की काय होतं ते सॅन डिएगो स्टेटला विचारा. जून २०२३मध्ये पॅक-१२चं बोलावणं येणारच या भरवशावर त्यांनी माउंटन वेस्टला 'आम्ही निघायच्या विचारात आहोत' असं पत्र धाडलं. बाहेर पडण्याचा दंड ३० जूननंतर जवळपास दुप्पट होणार होता, म्हणून घाई. माउंटन वेस्टने तो राजीनामाच समजला. बोलावणं काही आलं नाही, आणि ऑगस्टमध्ये बोलावणाराच कोसळला. मुकाट्याने परत त्याच घरी नांदावं लागलं. अखेर त्यांना पॅक-१२ मिळाली खरी, पण ती आता वेगळीच आहे.

म्हणून अफवा आणि बातमी यातला फरक ओळखायचा असेल तर पत्रकारांची ट्वीट सोडा. त्या विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाची तातडीची बैठक लागली आहे का बघा. सरकारी विद्यापीठाला विषयपत्रिका जाहीर करावी लागते, आणि त्यात 'ॲथलेटिक्स' शब्द दिसला की समजायचं. जून महिना विशेष लक्ष ठेवण्याजोगा, कारण आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं.

कॉलेज निवडताना काय बघतात? चांगला संघ?

संघाचा नंबर बराच खाली लागतो. २०१२च्या सुमारास बघायचे ती केबलची घरं. बिग टेनची स्वतःची वाहिनी आहे. ज्या राज्यात गटाचा सभासद आहे तिथल्या प्रत्येक केबल जोडणीमागे वाहिनीला कितीतरी जास्त दर मिळायचा, घरातलं कोणी सामना बघो न बघो. न्यू जर्सीतल्या माझ्या मराठी शेजाऱ्यांच्या घरात टीव्हीवर फक्त मालिका चालायच्या, तरी त्यांच्या केबल बिलातून बिग टेनला पैसे जात होते. रटगर्सला आवतण मिळालं ते न्यूयॉर्कच्या सावलीतल्या असल्या लाखो घरांमुळे. आमच्या संघाच्या पराक्रमामुळे मुळीच नाही. आमचा सर्वांत मोठा पराक्रम १८६९चा. देशातला पहिला कॉलेज फुटबॉल सामना आम्ही प्रिन्स्टनविरुद्ध ६–४ असा जिंकला होता!

आता लोक केबल कापतायत, तेव्हा हिशेब बदलला. राज्यात घरं किती यापेक्षा देशभरातले किती लोक मुद्दाम हा सामना लावतील, हे बघतात. साखरेच्या भाषेत सांगायचं तर एकरी टन मोजायचे दिवस गेले, आता उतारा बघतात. या नव्या मापाने रटगर्सला आज बोलावलं असतं असं मला वाटत नाही. इथल्या मित्रांना हे लागतं, पण आहे ते आहे.

बिग टेनला आणखी एक सोस आहे, संशोधनाचा. एएयू या नामवंत संशोधन विद्यापीठांच्या संघटनेचं सभासदत्व त्यांना प्रिय. १८पैकी एकटं नेब्रास्का त्यात नाही. त्यांना गंमत म्हणजे बिग टेनमध्ये आल्याच वर्षी एएयूमधून काढलं गेलं.

बरं, मग पुढे कोण? नावं सांगा.

सांगतो, पण हा माझा अंदाज आहे.

नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया सर्वांत वर. दोन्ही आपापल्या राज्यातली मुख्य सरकारी विद्यापीठं, दोन्ही एएयूमध्ये, आणि या दोन राज्यांत ना बिग टेनचा सभासद आहे ना एसईसीचा. दोन्ही धन्यांना एकाच वेळी हवंसं वाटावं असं दुसरं स्थळ नाही. नॉर्थ कॅरोलायनाची अडचण म्हणजे ड्यूक. दहा मैलांवरचं हे वैर बास्केटबॉलमधलं सर्वांत मोठं, ते मोडून जायचं तर राज्यातलं राजकारण पेटेल.

फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांना प्रेक्षक भरपूर. पण फ्लोरिडात आणि साऊथ कॅरोलायनात एसईसीचे सभासद आधीच बसलेत. बिग टेनच्या दृष्टीने दोघंही एएयूबाहेरचे. मायामी २०२३मध्ये एएयूत आलं, त्यामुळे बिग टेनला फ्लोरिडात पाय टाकायचा असेल तर तो मायामीत पडेल, असं मला वाटतं.

कनेटिकटचं दुःख वेगळं. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये २०२३ आणि २०२४ असे लागोपाठ विजेते, महिला २०२५च्या विजेत्या. बिग ट्वेल्व्हने २०२४मध्ये बोलणी केली, पण ती सप्टेंबरमध्ये थांबली. फुटबॉल कच्चा, आणि टीव्हीचा बहुतेक पैसा फुटबॉलचाच. पुढच्या करारात बास्केटबॉलचे हक्क वेगळे विकायचे ठरले तर मात्र कनेटिकटचा भाव एका रात्रीत वाढेल.

मेम्फिस, साऊथ फ्लोरिडा आणि टुलेन वर्षानुवर्षं दारात उभे आहेत. मोठ्या घरातून कोणी बाहेर पडलं तरच यांचा नंबर. एसएमयूने मात्र दार ठोठावत न बसता वेगळाच मार्ग काढला. एसीसीला सांगितलं, नऊ वर्षं आम्हाला टीव्हीचा पैसा नको, फक्त आत घ्या. डॅलसमधल्या धनाढ्य माजी विद्यार्थ्यांनी आठवडाभरात १० कोटी डॉलर जमवले. आपल्याकडे याला काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

नोटर डेम कुठल्याच गटात का जात नाही?

कारण त्यांना गरज नाही. एनबीसीबरोबर त्यांचा स्वतःचा करार २०२९पर्यंतचा आहे. बाकीचे खेळ एसीसीत, आइस हॉकी बिग टेनमध्ये, फुटबॉलला मोकळे, फक्त वर्षाला साधारण पाच सामने एसीसीच्या संघांशी. एकाच्या घरी जेवायचं, दुसऱ्याच्या घरी झोपायचं आणि तिसऱ्याकडून पगार घ्यायचा. २०३६पर्यंत फुटबॉलसाठी कुठल्या गटात गेलेच तर तो एसीसीच असेल अशी अट मात्र करारात आहे.

फ्लोरिडा स्टेट एवढं चिडलं होतं, मग गेलं का नाही?

एसीसीच्या सभासदांनी २०१३मध्ये आपल्या घरच्या सामन्यांचे टीव्ही हक्क गटाच्या नावे लिहून दिले आणि २०१६मध्ये ती मुदत २०३६पर्यंत वाढवली. म्हणजे तुम्ही खुशाल जा, पण तुमच्या शेतातला ऊस आमचाच. २०२३ला फ्लोरिडा स्टेट १३–० असं अपराजित राहूनही राष्ट्रीय विजेतेपदाच्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये घेतलं गेलं नाही, त्याच महिन्यात ते कोर्टात गेले. क्लेमसनने पाठोपाठ मार्च २०२४मध्ये दावा लावला. वर्षभराने तडजोड झाली. पैशाचा मोठा भाग आता कोणाचे सामने किती लोक बघतात यावर वाटतात, आणि बाहेर पडायचा दंड दरवर्षी उतरत जातो. २०२६मध्ये १६.५ कोटी डॉलर, पुढे दरसाल १.८ कोटींनी कमी, २०३०–३१पासून ७.५ कोटी.

आता हे दुसऱ्या तारखांशेजारी ठेवून बघा. बिग टेनचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबरचा सात अब्ज डॉलरहून मोठा करार २०२९–३०ला संपतो. बिग ट्वेल्व्हचा २०३०–३१ला. नोटर डेम आणि एनबीसी २०२९. प्लेऑफचा करार २०३१–३२पर्यंत. सगळ्या गाठी दोन-तीन वर्षांच्या आतच सुटतायत, हा योगायोग नाही. तोवर छोट्या हालचाली होतील, मोठा भूकंप बहुधा तेव्हाच.

या सगळ्यात खेळणाऱ्या मुलांचं काय?

फुटबॉलवाल्यांचं फारसं बिघडत नाही. वर्षाला बारा सामने, बहुतेक शनिवारी, खास विमानाने ये-जा. मरण आहे ते व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर खेळणाऱ्यांचं. ओळखीतल्या एका घरची मुलगी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात व्हॉलीबॉल खेळते. गेल्या हंगामात इकडे सामना होता म्हणून आम्ही डबा घेऊन गेलो. सामन्यानंतर ती बसच्या पायरीवर बसली, मांडीवर लॅपटॉप, एका हातात थालीपीठ. रसायनशास्त्राची ऑनलाइन चाचणी तिकडच्या वेळेने रात्री आठला बंद होणार होती. इथे साडेदहा वाजले होते. आई शेजारी उभी राहून तिला बाटलीतून ताक पाजत होती. तीन तासांचा फरक पंधरा दिवसांत दोनदा ओलांडायचा, आणि वर हजेरी सांभाळायची.

लॉस एंजेलिस ते पिस्कॅटवे, म्हणजे रटगर्सच्या स्टेडियमचं गाव, हे अंतर सुमारे ४,००० किलोमीटर. ऑक्टोबर २०२४मध्ये यूसीएलए इथे आली आणि ३५–३२ने जिंकून गेली. पुढच्याच शुक्रवारी आमचा संघ यूएससीकडे गेला, आणि आमच्या घड्याळात सामना सुरू झाला रात्री अकराला. मी पहिल्या क्वार्टरला झोपलो.

एक चांगलंही सांगतो. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांचं जुनं वैर २०११नंतर बंद पडलं होतं. दोघं एकाच गटात आल्यावर २०२४मध्ये ते पुन्हा सुरू झालं. त्याच हालचालीत ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांचा वार्षिक सामना मात्र बंद झाला.

माझा मुलगा खेळत नाही. त्याच्या डिग्रीवर किंवा फीवर काही परिणाम?

डिग्रीवर शून्य. फीबद्दल, बिलात 'ॲथलेटिक्स फी' वेगळी लावतात का ते प्रवेशाआधी तपासा, काही ठिकाणी लावतात. जून २०२५च्या कोर्ट तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी कमाल मर्यादा २.०५ कोटी डॉलर. हा पैसा कुठून तरी यायचाच आहे, म्हणून सगळे मोठ्या गटाच्या मागे लागलेत.

बिग टेनमध्ये १८, बिग ट्वेल्व्हमध्ये १६. नावं का बदलत नाहीत?

ब्रँड आहे. पेन स्टेट अकरावा म्हणून आला तेव्हा बिग टेनने लोगोतल्या अक्षरांच्या मधल्या जागेत ११चा आकडा लपवला होता. आता तो नादही सोडला. 'अटलांटिक कोस्ट'वाल्यांचे दोन सभासद पॅसिफिकच्या काठी आहेत, कोणी हसतही नाही.

एखाद्याला गटातून काढून टाकतात का? रटगर्सला काढतील?

क्वचित. बिग ईस्ट या गटाने टेम्पल विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला २००४मध्ये बाहेर काढलं. शिकागो विद्यापीठ बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक, पण त्यांनी १९३९मध्ये फुटबॉलच बंद केलं आणि १९४६मध्ये ते स्वतःहून बाहेर पडले. त्यांचं पुढे काही बिघडलं नाही, हे सगळ्यांना दिसतंच आहे.

रटगर्सला इतक्यात कोणी हात लावणार नाही. काढून टाकण्यापेक्षा बडे संघच वेगळी चूल मांडतील आणि आमच्यासारख्यांना जुन्या घरात सोडून जातील, ही धास्ती जास्त खरी. तोपर्यंत घरच्या सामन्याला पिवळ्या पार्किंग लॉटमध्ये या. सामन्याआधी तीन तास आमची गाडी उभी असते, डिकीत बटाटेवड्यांचा डबा असतो, आणि मिशिगनचे चाहतेही रांगेत येतात.